मैदान कुणी फिरवलं

१७ मार्च १९६७

प्रिय ब्रोन्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उशिराबद्दल रागावू नकोस. बाबांचा खोकला आता कमी आहे. डेट्रॉइटला बर्फ वितळला का? आमच्याकडे नुसता चिखल. पोरांना पापे.

ऑफिसचं काय सांगू! चार वर्षं झाली, स्टेडियमचा एक खांब उभा नाही. आधी छप्पर हवं, मग नको, निवडणूक आली की पुन्हा हवं. परवा पायाच्या खड्ड्यात पाणी भरलं, आता पंप लावून बसलेत. तेच नकाशे सहा वेळा काढून माझी बोटं झिजली आणि टेव्हनर साहेब येता-जाता विचारतात, "हालिना, अजून झालं नाही?" डोकं फिरतं गं.

तू लिहिलंस, "स्टेडियम फिरवून आपल्या एल्डर स्ट्रीटवर आणणाऱ्या माणसाचं फक्त नाव सांग. बाकी मी बघते." मी दोनदा उत्तर लिहायला बसले आणि हवापाण्यावर पानभर लिहून कागद फाडला.

पहिल्या नकाशात आपली गल्ली वाचत होती. दोन वर्षांपूर्वी ईस्टरला तो नकाशा मी कौतुकानं घरी नेला. बाबांनी चष्मा लावून पाहिला. कारखान्याच्या बेसबॉल संघातून अकरा वर्षं खेळलेला माणूस! म्हणाले, "पोरी, बॅटरचं तोंड पश्चिमेला? संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांत. चेंडू दिसणार कसा? कपाळ फुटेल एखाद्याचं."

सोमवारी मी ते टेव्हनरना सांगितलं, माझ्याच डोक्यातून निघाल्यासारखं. त्यांनी सगळ्यांना बोलावून माझी पाठ थोपटली. त्या खोलीत मी एकटी बाई. त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणी कॉफी आणायला पाठवलं नाही. मैदान ईशान्येकडे फिरवलं, आणि प्रेक्षकांच्या गॅलरीची डावी बाजू नेमकी एल्डर स्ट्रीटवर आली. एकतीस घरं. रेघ मीच ओढली.

मग घाबरून मी आणखी एक नकाशा काढला. अख्खं मैदान रेल्वे रुळांकडे दोनशे फूट सरकवायचं. घरं वाचतात, गाड्यांच्या चारशे जागा जातात. टेव्हनर म्हणाले, "माणसं राहतील कुठेतरी. गाड्या कुठे लावू, तुझ्या डोक्यावर?" सगळे हसले. मीही हसले, ब्रोन्या. नकाशा गुंडाळून कपाटात टाकला आणि तुला कळवलं, निर्णय वरून आला.

गेल्या रविवारी जेवताना बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी काटा खाली ठेवला.

"उन्हाचं खरंच होतं ना पण?"

"होतं."

"ब्रोन्याला सांगितलंस?"

"नाही."

"तुझी बहीण दोन वर्षं भलत्याच माणसांना शिव्या घालतेय, आणि तू गप्प? आधी तिला सांग. मग माझ्याशी बोल."

तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत.

तरी तुला लिहायच्या आधी मी काल नगरपरिषदेच्या सुनावणीला गेले, तो दुसरा नकाशा घेऊन. वाटलं, घरं वाचवून मगच तुला तोंड दाखवावं. दहा मिनिटं बोलले. टेव्हनरनी मान वर केली नाही. एका सदस्यानं विचारलं, "बाई, हा इतके दिवस होता कुठे?"

"माझ्या कपाटात."

मागून शेजारच्या गुर्स्काबाई मोठ्यानं म्हणाल्या, "म्हणजे नकाशा दडवणारी ही आपलीच पोरगी होय!"

सात विरुद्ध चार. घरं जाणार. पायऱ्यांवर तोच सदस्य भेटला. म्हणाला, "खड्डे खणायच्या आधी आणला असतात, तर मीच तुमच्या बाजूनं मत दिलं असतं." हात चावून घ्यावासा वाटला. आज सकाळी टेव्हनरनी सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. इथल्या पेपरात कदाचित माझं नाव येईल, कुणीतरी तुला कात्रण पाठवेल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे आजच पोस्टात टाकते.

एक मेपर्यंत घर रिकामं करायचंय. आईच्या ताटल्यांना बाबा मला हात लावू देत नाहीत. तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण त्यांना एकट्यानं ते घर आवरायला लावू नकोस.

तुझी म्हणवून घ्यावं की नाही, हे कळेनासं झालेली,

हालिना