ताईची पाकटं

४ जानेवारी
आज ताईकडे कायमची राहायला आले. नोकरीतून मोकळी झाले, भाड्याची खोली सोडली; तिलाही भावजी गेल्यापासून घर खायला उठतं. दारातच म्हणाली, हॉलचा अर्धा भाग तुझा, काय हवं ते मांड. मग वर्षानुवर्षं मनात होतं ते सांगूनच टाकलं: गोड्या पाण्यातली पाकटं, ते थाळीसारखे चपटे, लांब शेपटीचे मासे, पाळायची! ती पोट धरधरून हसली.

१९ जानेवारी
टाकी आली. माशांच्या दुकानदाराने बजावलं होतं, उंच नको, पसरट घ्या. पाकटं तळाशीच वावरतात. बारीक वाळू सात पाण्यांनी धुतली. हीटरला जाळी बसवली, नाहीतर त्यांच्या अंगाला चटके बसतात. आता महिनाभर नुसतं पाणी मुरू द्यायचं. धीर धरवत नाही.

२१ फेब्रुवारी
आली! दोन, ताटलीएवढी, काळ्या अंगावर पांढरे ठिपके. शेपटीवर विषारी काटा असतो; दाबली गेली तरच मारतात म्हणे. ताईचं हृदय नाजूक. तिला म्हटलं, तू लांबूनच बघ.

२ मार्च
कोळंबी सोलून मी तासन्‌तास पाण्यात हात धरून बसते. ढुंकून बघत नाहीत. आज ताईने सहज बोटं बुडवली, तर दोघं धावत तिच्या तळहातावर. "अगं, गुदगुल्या होतात!" म्हणाली.
मीही हसले. पाणी बदलते मी, घाण उपसते मी.

५ मार्च
आईनेही शेवटी ताईलाच हाक मारली. उशाशी मी होते.

९ मार्च
ताई बाहेर गेली की दोघं काचेला पोट लावून दाराकडे बघत राहतात. पांढरं पोट, त्यात नाकपुड्या, तोंड. माणसाचा चेहराच. मी आड उभी राहिले की बाजूला सरकतात. दार दिसावं म्हणून.

१४ मार्च
चार दिवस काही घातलेलं नाही. वाळूचा थर वाढवला. आता गाडून घेतात, दिसतच नाहीत. ताईला म्हटलं, उद्या तूच भरव, हात पार तळाला टेकव.
हे मी काय लिहिलं

१५ मार्च
तिने टेकवला. दोघं हळूच वर आली, तिच्या मनगटाला बिलगली. कोळंबीला तोंड लावलं नाही.
ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाच दिवसांची उपाशी आहेत गं. सांगतात मला."
मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

१६ मार्च, दुपार
ताईचा साबण लावलाय. तिची बांगडी घातलीय. डावा हात टाकीत —
आली. दोघंही! माझ्या तळव्यावर —
किती मऊ —
ताई मागे उभी आहे. कधीपासून?
म्हणते, हलू नकोस, त्यांनी तुला ओळखलंय.
तिने बाही वर केली — माझ्या हातावर हात ठेवला —
ताई, दाबू न