दुसऱ्या साक्षीदाराची जागा

आज रविवार, दिनांक ९ मार्च २०२५, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. गच्चीवर माझे दोन्ही दोर पसरले आणि बोटांच्या चिमटीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासले. तंतू कुठेही सुटलेला नाही. हात धुऊन खाली आलो आणि हे लिहायला बसलो.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सव्वीस, अविवाहित, धंदा उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणे, शिक्षण नववीपर्यंत. तब्येत चांगली आहे. डोके ठिकाणावर आहे. तशी डॉक्टरांची चिठ्ठी सोबत लावली आहे, म्हणजे पुढे वाद नको. मला कुणी धाक घातलेला नाही, भरीसही पाडलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे जुने रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

मरण्याचा विचार नाही. उद्या नेहमीप्रमाणे कामावर जायचे आहे. पण माझा दोरावरचा जोडीदार डिसेंबरात सोळाव्या मजल्यावरून पडला. ज्या कठड्याला त्याने दोर बांधला होता तो कठडाच निखळला. गाठ शेवटपर्यंत सुटली नव्हती. मी शेजारच्या दोरावर होतो. तेव्हापासून मला रडू आलेले नाही, भूक बेताची लागते, आणि माणसे बोलतात ती काचेच्या पलीकडून बोलल्यासारखी वाटतात. डॉक्टर म्हणाले, होईल बरे.

जोडीदाराने काहीच लिहून ठेवले नव्हते. बँकेत वारस म्हणून त्याच्या आईचे नाव होते, आणि ती त्याच्याआधीच गेलेली. त्याच्या बायकोला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. शेवटी तिचे सगळे अर्ज माझ्या धाकट्या बहिणीने लिहून दिले, तेव्हा पैसे सुटले. जोडीदाराची बायको तिला वकीलबाई म्हणते. तसे म्हणणारी ती एकटीच. म्हणून आता हे लिहितो.

कलम एक. दोर आणि कमरेचा पट्टा कुणालाही देऊ नये, कितीही चांगल्या स्थितीत असले तरी. कापून टाकावेत. रबराची पट्टी, फडकी, बादल्या कामावर येणाऱ्या नव्या माणसाला द्याव्यात. पट्टी डावीकडून उजवीकडे ओढावी, उलट ओढली की ओघळ राहतात.

कलम दोन. बँकेतली शिल्लक आणि कंपनीचा अपघात विमा आईला. त्यातून आधी माझे कर्ज फेडावे. सायकल बाबांना. ती विकू नये असे लिहिणार होतो, पण ते विकतील, तेव्हा लिहून उपयोग नाही.

कलम तीन. आमच्या इमारतीत तळमजल्यावर रस्त्याच्या तोंडाला एक गाळा आहे, दहा बाय बारा, एक खिडकी, एक शटर. तो मी शिंपीकाकांकडून, त्यांचे डोळे अधू झाल्यावर, दोन वर्षांपूर्वी विकत घेतला. कागद माझ्या एकट्याच्या नावाचे आहेत. हा गाळा मी माझ्या बहिणीस, तिच्या एकटीच्या नावे, कायमचा देतो. तिथे तिने टेबल टाकावे, पाटी लावावी आणि वकिली करावी. मी काही लिहून ठेवले नाही तर गाळा आई-बाबांकडे जाईल. बाबांचे समोरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याशी भाड्याचे बोलणे आताच सुरू आहे, मी जिवंत असताना.

हा गाळा तिलाच का, ते सांगणे भाग आहे. बहीण कायद्याची पदवी घेऊन दीड वर्ष झाले. वर्गात दुसरी आली. पहिले आठ महिने एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली होती. पगार नव्हता, शिकायला मिळते असे ते म्हणायचे. त्यांच्या फाइली उचलायला शिकली. नंतर एका कर्ज देणाऱ्या कंपनीत लागली. हप्ते थकवणाऱ्यांना फोन करायचा आणि नोटीस वाचून दाखवायची. नोटीस छापील असते, खाली सही दुसऱ्याची असते. बाबा म्हणतात, "लोकांना फोनवर दम द्यायला पदवी कशाला? आपली आत्या फुकटात देते." तिच्या वर्गातला एक काकांच्या ऑफिसात बसला. एक न्यायाधीशाची परीक्षा तिसऱ्यांदा देतो आहे. एक जमिनीची दलाली करतो आणि तोच सगळ्यांना जेवायला घालतो. बाकीचे काय करतात ते विचारायचे नाही असे त्यांचे आपसात ठरलेले आहे.

तिच्या कॉलेजातून मागे तिला एका कारकुनाचा फोन आला होता. मी समोर बसलो होतो, फोन स्पीकरवर होता.

"काम करता का सध्या?"

"फोनवर लोकांना नोटीस वाचून दाखवते."

"नोटीस म्हणजे कायद्याशी संबंधितच की. अभिनंदन हं."

"अहो, पण ही वकिली नाही."

"तसा रकाना नाही, ताई."

जानेवारीत कॉलेजच्या दर्शनी काचा पुसायचे काम आमच्या कंपनीला मिळाले. बाहेरून भलामोठा फलक होता, 'शंभरातले शहाण्णव विद्यार्थी नोकरीत', आणि खाली बारा चेहरे. तिसऱ्या ओळीत बहीण, माझ्या उंचीएवढी, हसणारी. फलकावर धूळ बसली होती आणि तोही कामातच धरलेला होता. मी तिचे कपाळ पुसले, डोळे पुसले, गाल पुसले. खालून आमचा मुकादम ओरडला, "एकाच जागी किती घासशील? भोक पडेल!" मी पुढच्या चेहऱ्याकडे सरकलो. घरी सांगितले नाही. आता लिहिले आहे, तेव्हा तिला कळेल. तो फोटो उतरवायला लावायचा की नाही ते तिने ठरवावे.

कलम चार. कॉलेजला काही देत नाही.

कलम पाच. साक्षीदारांबाबत. काल संध्याकाळी मी वरचे सगळे, फलकाचे तेवढे सोडून, कच्चे लिहून बहिणीला वाचायला दिले. तिने शांतपणे वाचले आणि म्हणाली, "साक्षीदार दोन लागतात. तू त्यांच्यासमोर सही करायचीस, मग त्यांनी तुझ्यासमोर."

"एक शिंपीकाका आहेत."

"मग दुसरी मी."

मला बरे वाटले. तेवढ्यात ती म्हणाली, "एक सांगून ठेवते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. मी सही केली की गाळ्याचं कलम गेलं."

"मग तू करू नकोस."

"करणार."

"आणि गाळा?"

"जाईल आई-बाबांकडे. जाऊ दे."

मी तिला दुसरा मार्ग विचारला. मजकूर हिने केला असे खाली तिचे नाव घालू, साक्षीदार दुसरा कुणी आणू. ती म्हणाली, जिला मिळणार तिनेच मजकूर केला म्हटले की भांडणारा पहिला संशय तिथेच घेतो. म्हणजे या कागदातून तिला गाळा हवा असेल, तर वकील म्हणून तिचे नाव यावर कुठेच येता कामा नये. म्हणून हे सगळे माझ्या शब्दांत आणि माझ्या अक्षरात आहे.

"दीड वर्ष झालं, दादा," ती म्हणाली. "माझ्या सहीवाचून कुणाचं अडलं नाही. आज एकदा अडलंय." मग म्हणाली, "आणि तुझं शिक्षण घेतलं मी. आता गाळापण घेऊ? किती घेऊ रे?"

मी रात्रभर दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी ठेवली. मला काय वाटत होते ते सांगता येत नाही. काही वाटत नव्हते. गाळा जाणार एवढे कळत होते.

कलम सहा. माझ्या शिक्षणाबाबत. आमच्याकडे कुणीही पाहुणा आला की बाबा सांगतात, "भावाने शाळा सोडली म्हणून ही वकील झाली." हे खरे नाही. मी बहिणीला तसे अनेकदा सांगितले. तिला वाटते मी मोठ्या मनाने बोलतो. म्हणून आज सकाळी चहाच्या वेळी बाबांनाच तिच्यासमोर विचारले.

"बाबा, मी नववीत किती वेळा बसलो?"

"आता कशाला ते?"

"कायदेशीर कागदासाठी."

"दोनदा," बाबा म्हणाले.

"पास किती वेळा झालो?"

"एकदाही नाही. मास्तर म्हणाले, घेऊन जा याला."

बहीण म्हणाली, "बाबा, मग इतकी वर्षं तुम्ही काय सांगत होतात?"

"लोकांना काय सांगू? पोरगं नापास झालं म्हणून? त्यापेक्षा त्याग बरा दिसतो."

हे बाबांचे शब्द जसेच्या तसे आहेत. बाकीचे मी सांगतो. मी गणित चार वेळा तपासायचो आणि तोवर घंटा व्हायची. फळ्यापुढे उभे केले की मांडलेले पुसून पुन्हा मांडायचो. शाळा सुटली तेव्हा मला हलके वाटले होते. दोरावर चार वेळा तपासणाऱ्याला कुणी बावळट म्हणत नाही, म्हणून हा धंदा मला मानवला. बहिणीची फी शिष्यवृत्तीतून आणि बाबांच्या पगारातून गेली. माझ्या पगाराचा त्यात संबंध नाही.

बहिणीने कप खाली ठेवला. मग एकदम माझ्यावर ओरडली, "इतकी वर्षं दुधावरची साय मी तुला काढून देते!"

"मला साय आवडत नाही."

"मग खायचास कशाला?"

"तू द्यायचीस म्हणून."

ती हसली. मग तोंड धुवायला गेली ती लवकर आली नाही. आली ती चपला घालूनच. म्हणाली, "ती जागा कोरीच ठेव, आलेच," आणि जिना उतरली. मी खिडकीत उभा राहिलो. समोरचा मोबाईल दुरुस्तीवाला दुकान उघडत होता. रस्ता रिकामा होता, सगळे ऐकू आले.

"वर चला, एक सही करायचीय."

"गाळ्याच्या भाड्याची ना? बाबांशी ठरलंच आहे, ताई."

"नाही. दादाच्या माघारी गाळा मला मिळणार, त्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून."

"वा! मग यात मला काय मिळणार?"

"काहीच नाही. म्हणूनच तुम्ही हवे."

त्याने किल्ली कुलपातून काढून खिशात टाकली. मग म्हणाला, "चहा तरी?"

"चहा मिळेल."

"आणि शटरला तेल घाला त्या. फार कुरकुरतं."

"घालते."

दोघे आता जिना चढत आहेत. शिंपीकाका केव्हाचे येऊन बसले आहेत. त्यांना सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवावे लागेल. बहीण सह्यांच्या वेळी बाहेरच्या खोलीत बसणार आहे, तसे तिनेच सांगितले.

वरील सर्व मी वाचून पाहिले, दोनदा. जसे मनात होते तसेच उतरले आहे. त्याखाली सही करतो.

(सही) लिहून देणार, काचा पुसणारा

आम्ही दोघांनी वरील इसमास आमच्यासमोर सही करताना पाहिले आणि मग त्याच्यासमोर आमच्या सह्या केल्या. या कागदातून आम्हा दोघांना काही मिळायचे नाही.

साक्षीदार पहिला: (सही) गाळ्याचे पूर्वीचे मालक, शिंपी

साक्षीदार दुसरा: (सही) समोरचा मोबाईल दुरुस्तीवाला

ठिकाण: राहते घर, दुसरा मजला, मागची खोली
दिनांक ९ मार्च २०२५, सकाळी पावणेअकरा

सोबतचा हिशोब, यावरही माझी सही आहे:

कागद आणि पेन, दिले: पस्तीस
डॉक्टरांची चिठ्ठी, दिले: तीनशे
चहा, दिले: साठ (मोबाईलवाल्याने दोन कप घेतले)
शटरसाठी तेल, दिले: पंचावन्न
गाळ्याचे कर्ज, पतसंस्थेस देणे: एक लाख बारा हजार
जोडीदाराचे माझ्याकडे उसने होते: दोनशे. त्याच्या बायकोला पोचते केले.
बहिणीची फी: विचारली. म्हणाली, वारसाला फी नसते.
बहिणीकडून येणे: काही नाही.

(सही)