सहा दुखणी, एक पुडी

मंगळवार, ११ मार्च

चि. गोवर्धन,

आशीर्वाद. लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. इकडची खुशाली म्हणशील तर माझ्या वीरेंद्रचा उन्हाळी धान रोवून झाला, पाणी पुरून राहिलं आहे. म्हैस व्याली, वगार झाली. मोहफुलं पडू लागली आहेत. माझे गुडघे आहेत तसेच. त्याच्या आचलचं मागून लिहिते.

तू फोनवर तीनदा विचारलंस. "बाई, माह्या दुकानाची तक्रार कोणानं केली? तुह्याच गावातला असन कोणी. तुले सारं माहीत रायते, शोधून सांग." शोधलं. फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर तू मधातच बोलतोस आणि मग रडतोस. कागदासमोर तुला गप्प बसावं लागेल. मी चौथी शिकलेली, वेलांट्या चुकतील, त्या सुधारून वाच. बाकीचं आहे तसंच वाच.

तक्रार मी केली.

परत वाच पाहिजे तर. मी, सुशिला. तुला कडेवर घेऊन धानाच्या बांधीबांधीतून फिरलेली. औषधवाले साहेब तुझ्या मेडिकलात शिरले आणि संध्याकाळी शटर पडलं, ते ऐकून मी भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. लई दिवसांनी अन्नाला चव आली.

तू म्हणतोस कोण्यातरी दुसऱ्या मेडिकलवाल्याचा डाव आहे. नाही बापा. त्यांना एवढी अक्कल असती तर तुझं दुकान वीस वर्षं चाललंच नसतं.

आता कसं केलं ते सांगते. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मी तुझ्या दुकानासमोरच्या टपरीवर बसून होते. आठवते? तू मला पाहिलंस, हात हलवलास, चहा पाठवलास. साखर जास्त होती. त्या दिवशी माझ्या रोवण्याच्या टोळीतल्या सहा बाया थोड्या थोड्या वेळानं तुझ्या दुकानात येऊन गेल्या, त्या तुला ओळखू आल्या नाहीत. येतीलच कशा? तू मान वर करून पाहतोस कुठं?

पहिली म्हणाली डोकं दुखते. दुसरी म्हणाली हगवण लागली. दुधरामची बायको म्हणाली खोकला आहे, तिला खरोखरच होता. एकीनं ताप सांगितला, एकीनं कंबर. तू दर वेळी एकच विचारलंस, "किती दिवसाचा डोस देऊ?" शेवटची टोळीतली नीतू. तिला मी सांगितलं होतं, तू काही दुखणं सांगूच नको. ती म्हणाली, "मामाजी, काहीच करावंसं नाही वाटत. घरात मन नाही लागत." तू पेपराचा तुकडा फाडलास, डबीत हात घातलास आणि म्हणालास, "जेवणावर घे, लागन मन."

कोहमाऱ्याच्या बसस्टॉपवर मी पदर पसरला. सहाही पुड्या उघडल्या. प्रत्येकीत एक पिवळी, एक लाल-काळी, एक गुलाबी आणि एक बारकी पांढरी. हगवणीला तेच, कमरेला तेच, मन न लागण्यालाही तेच. बाया हसून हसून लोळल्या. "हा त देवाचा प्रसाद झाला, बाई!" नीतू म्हणाली. मीबी हसले. मग दुधरामची बायको खोकायला लागली आणि कोणी हसेना.

तिथूनच गोंदियाची बस धरली. औषधवाल्या साहेबांच्या हापिसाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्यापाशी बसले आणि सहाही पुड्या त्या-त्या बाईच्या नावानिशी टाचून साहेबाच्या टेबलावर ठेवल्या.

तुला वाटेल, बाईला हे कोणी शिकवलं. तूच शिकवलंस. तू म्हणायचास, "नाव काय करतेस बाई? रंग ध्यानात ठेव. पिवळी सकाळी, लाल संध्याकाळी." मी ठेवला ध्यानात. साऱ्या गावाला ठेवायला लावला.

जानेवारीत आचल गोंदियाच्या मैदानावर भरतीच्या सरावात पडली, तेव्हा दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं मला विचारलं, "आजी, हिला आतापर्यंत काय औषध दिलं?" मी छाती काढून सांगितलं, "पिवळी, लाल-काळी, गुलाबी, आन बारकी पांढरी."

"नावं?"

"नावं कायले पाहिजे? माह्या भावाचं दुकान आहे."

ती पोरगी माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नर्सकडून गोळ्यांची एक पट्टी मागवली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "वाचता येत नसलं तरी हे दिसते ना?" पट्टीच्या मागं तांबडी उभी रेघ होती. तिचा अर्थ, डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय ही गोळी द्यायची नाही. लाल-काळी ती रेघेची. ती जंतू मारायची गोळी आहे, पण कोणते जंतू, किती दिवस, ते पाहून द्यावी लागते. साध्या सर्दीवर तिचा काहीच उपयोग नाही. सर्दी पाच-सात दिवसांत आपली आपण जाते. गरम पाणी प्यायचं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या, ताप आला तर तापाची एक साधी गोळी, आणि निजून राहायचं. आणि जंतूची गोळी दोन दिवस खाऊन सोडली तर अर्धे जंतू जगतात, ते मग त्या गोळीला भीत नाहीत.

मी विचारलं, मग त्या बारक्या पांढऱ्या गोळीनं पोट्टी दुसऱ्याच दिवशी उठून धावत काऊन होती? भूक लागे, अंगात जोर येई. ती म्हणाली, "आजी, त्या गोळीनं आजार जात नाही, दबतो. अंगाची झुंजायची ताकदबी दबते. वरून माणूस बरं दिसते, आतून आजाराला मोकळं रान भेटते."

गोवर्धन, तिच्या छातीत टीबी होता. दिवाळीपासून. तू माझ्या हातानं त्याला रान मोकळं करून देत होतास.

मला आता कळलं, तू गोळ्या पट्टीतून सोडवून पेपरात काऊन बांधतोस. रेघ दिसू नये म्हणून. भिंतीवर टांगलेला परवान्याचा कागद दुसऱ्याच्या नावाचा आहे, हेबी साहेबाला मीच सांगितलं. तो माणूस कधी दुकानात पाय ठेवत नाही हे तुझ्या बायकोनंच मला राखीच्या दिवशी हसत हसत सांगितलं होतं. नूतनला म्हणावं, पुढच्या वेळी नणंदेसमोर जीभ आवर.

टीबी निघाला तेव्हा तू म्हणालास, "पोट्टीले आधीपासूनच असन, माह्या पुडीनं टीबी नाही होत." खरं आहे, पुडीनं होत नाही. पण डॉक्टरीण म्हणते, दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की बेडका तपासायला पाहिजे. सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात. आचल तीन महिने खोकली. तीन महिने दर आठवड्याला मी तुझ्या दारात आले, एकदा तरी म्हणालास का, "बाई, एवढी खोकून राहिली, हिला दवाखान्यात ने"? एकदा म्हणाला असतास तर आज मी तुझ्या बाजूनं हत्तीसारखी उभी राहिले असते.

तुझं झालं. आता माझं.

रोवण्यात माझ्या टोळीत बावीस बाया. गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकून राहायचं, एकजण बसली तर ओळ तुटते, शेतवाला बोंबलतो. म्हणून मी ओटीत तुझ्या पुड्या ठेवायची. कोणी खोकलं, कोणी कण्हलं की लगेच एक पुडी. "घे, गिळ, आन लाग कामाले." माझी टोळी तालुक्यात सगळ्यांत लवकर रोवणा उरकते म्हणून नाव होतं. बाया मला डॉक्टरबाई म्हणत. मला ते आवडायचं, खोटं काऊन बोलू? चौथी शिकलेली बाई डॉक्टर झाली होती.

दुधरामची बायको जुलैपासून त्या पुड्या खात होती. गेल्या आठवड्यात तिचाही बेडका तपासला. तिलाही निघालं. दोन लेकरं आहेत तिला, त्यांचीही तपासणी चालू आहे. मी तिच्या घरी गेले तर तिनं पाट दिला, पाणी दिलं. एक शिवी दिली असती तर मी तिथं बसू शकले असते.

आता आचलचं. मागून लिहिते म्हटलं होतं. इतका कागद भरला, तरी हात वळत नव्हता.

ती पडायच्या आठ दिवस आधी पहाटे धावून आली आणि मोरीत थुंकली. मी भांडी घासत होते. थुंकीत रक्त होतं. तिनंच दाखवलं. "आजी, हे पाय. बाबाले सांगू का?" मी त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. म्हटलं, "घसा सोलला असन थंडीनं. बापाले सांगशील त तो तुले धावू नाही देणार. भरती तोंडावर आली." आणि त्या दिवसापासून तिला एकीऐवजी दोन पुड्या दिल्या. दुसरी मागायला मीच तुझ्याकडं आले होते. तू विचारलंही नाहीस दोन कायले.

आज ती कोठीपासून विहिरीपर्यंत चालली तरी मधात थांबते. कुडाच्या पांढऱ्या भिंतीला हात टेकते, दम घेते, पुढं जाते. सहा महिन्यांची औषधं आहेत, सरकारातून फुकट, एक दिवस चुकवायची नाहीत. दुसरा महिना चालू आहे. बरी होईल म्हणतात. पहिल्यासारखी धावेल का, यावर डॉक्टरीण कागदात बघत राहिली. रक्ताचं ती अजून बापाला बोललेली नाही. माझ्याकडं पाहते आणि गोळी गिळते.

तू म्हणशील मी तुझा सूड घेऊन राहिली. हो, घेऊन राहिली. मन भरेपर्यंत घेईन. पण अर्ज लिहिणाऱ्याला मी सांगितलं, आरोप ज्यांच्यावर आहे त्यात गोवर्धनखाली सुशिला लिही. तो म्हणाला, "आजी, तक्रार करणाऱ्याचं नाव वेगळ्या जागी असते." मी म्हटलं, दोन्हीकडं लिही, शाईचे पैसे मी देते.

सोमवारी साहेबानं बोलावलं आहे. तू मला म्हणालास, "बाई, तू फक्त एवढं सांग का माह्या भावानं चिठ्ठीशिवाय कधी गोळी दिली नाही. तुह्या शब्दाले मान आहे." येते. गाडी पाठवू नको, सहाही बायांसंग बसनं येते. आधी तुझं सांगीन, कागद दाखवून, काही वगळणार नाही. मग मोरीतल्या रक्ताचं सांगीन. वीरेंद्र तिथंच उभा राहणार आहे, त्यालाही ते तिथंच पहिल्यांदा कळेल. त्यानंतर तो मला घरी नेतो का नाही, ते त्याचं तो पाहील. माझी दोन लुगडी थैलीत भरून ठेवली आहेत.

तू त्या दिवशी रडू नको. मीबी नाही रडणार. रडायचा हक्क त्या खोलीत फक्त एका पोट्टीचा आहे आणि ती येणार नाही, तिची औषधाची वेळ असते.

सुशिला

(खाली नातं लिहिलं नाही. साहेब विचारतील तेव्हा सांगीन.)