दोन्ही वेळा उभा राहिलेला माणूस

प्रिय रेने,

पाकीट न फोडता परत पाठवू नकोस, एवढंच मागणं आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेऊन बसलोय. मी आयुष्यभर जे लिहिलं ते करवती आणि गवत कापायच्या मशिनींच्या पावत्यांवर, तेव्हा इकडचं तिकडे होईल, सांभाळून घे.

मार्सेल मावशीनं तुला ऑक्टोबरात सांगितलं ते खरं आहे. मी घर सोडून दुकानाच्या माळ्यावर राहायला गेलो. तुझ्या आईचे हात थरथरतात, सकाळी गुंड्या लावायला जमत नाहीत, आंघोळीला माणूस लागतं, आणि नेमका अशा वेळी नवरा निघून गेला. गावातली माणसं हवापाण्यापलीकडे माझ्याशी बोलत नाहीत. तू फोनवर म्हणालीस, ‘आजारी बायकोला टाकून जातोस, लाज नाही वाटत?’ आणि नाताळलाही आली नाहीस. रेने, त्याला उत्तर होतं माझ्याकडे. पण तुझ्या आईनं मला शपथ घातली होती. ते सांगतोच, पण आधी मार्चमधल्या गावसभेत मी माझं जे हसं करून घेतलं ते ऐक, कारण तिथपासूनच माझ्या डोक्याचा भुगा झालाय.

तू ज्यासाठी दारोदार हिंडतेस तोच ठराव यंदा आपल्या गावात आला होता. सगळ्यांना एकच सरकारी विमा, आणि त्याचा खर्च करातून. शाळेच्या जिममध्ये नेहमीसारख्या लोखंडी खुर्च्या, मागं चर्चच्या बायकांनी मांडलेले शिजवलेले घेवडे आणि केक. मी डावीकडे बसलो, तुझी आई उजवीकडे. असं लांब बसायचं आमचं ठरलं होतं. गोठेवाला एव्हरेट उठला आणि म्हणाला, ‘माझ्या गाईंना डॉक्टर वेळेवर येतो, मला येत नाही. कुणी सांगेल का मी गोठ्यात झोपू की घरात?’ सगळे हसले. मग मी उठलो. माझं नेहमीचंच भाषण. पगारावर कर बसला तर दुकानातल्या डेल आणि वेंडेल या दोघांपैकी एकाला घरी पाठवावं लागेल, ते कोणाला हे तुम्हीच ठरवा. आणि असाच सरकारी विमा असलेल्या क्यूबेकमधल्या आपल्या ओमरला गुडघ्याच्या ऑपरेशनची वाट बघत चौदा महिने काठी टेकत हिंडावं लागलं, तेही सांगितलं. टाळ्या पडल्या. हे मी खोटं बोललो नाही. आजही मला ते खरंच वाटतं, हीच तर पंचाईत आहे.

तोंडी होकार-नकारात काही कळेना, तेव्हा सभा चालवणारा हॉलिस म्हणाला, उभे राहा, मोजतो. आधी ठरावाच्या बाजूचे. तुझी आई उठायला गेली. अर्ध्यात अडकली, खुर्ची मागं सरकली, आणि शेजारच्या बाईच्या लक्षातच आलं नाही. पुढचं मला ठरवून केल्याचं आठवत नाही. मी खुर्च्यांतून वाट काढत गेलो आणि तिला काखेत हात घालून उभं केलं. हॉलिस मोजत आला आणि त्यानं आम्हा दोघांना मोजलं. तुझी आई पुटपुटली, ‘अरे मूर्खा, तू विरोधात आहेस ना? आणि सगळे बघतायत.’ मी म्हटलं, सोडलं तर पडशील. मग विरोधातले उभे राहा म्हणाले. ती खाली बसली आणि मी आपला उभाच, कारण माझं मत तेच होतं. हॉलिस चष्म्यावरून बघून म्हणाला, ‘नॉर्मंड, आमच्याकडे माणूस एकदाच मोजतात. एक काय ते ठरव.’ अख्खी जिम हसली. आणि रेने, मला ठरवता येईना! एकसष्ट वर्षांचा माणूस, एका साध्या प्रश्नाला हो की नाही सांगता येईना. शेवटी त्यानं माझं नाव दोन्हीकडून खोडलं. ठराव सात मतांनी पास झाला. त्यानं होत काहीच नाही, राजधानीला एक कागद जातो, बस.

आता ऐक. तुझ्या आईच्या गोळ्यांचे पैसे आपला विमा रडतखडत देतो. पण तिला आंघोळ घालायला, भरवायला, पडली तर उचलायला रोज बाई लागते, त्याचं नाव काढलं की ते म्हणतात, हे आजारात बसत नाही. गरिबांसाठीच्या सरकारी विम्यात बसतं, पण ते नवरा-बायकोचं मिळून काय काय आहे ते बघतात. दुकान, मशिनी, मागची जमीन. सगळं विकून फुंकून टाका मग या, म्हणतात. मी वर्षभर तिला स्वतःच आंघोळ घातली. मग सप्टेंबरात ती माझ्या हातून निसटली आणि मी दुकानात ग्राहकांपुढे रडलो, तेव्हा आम्ही वकीलबाईकडे गेलो. ती चहाला साखर किती विचारावं तशी म्हणाली, ‘घटस्फोट घ्या. दुकान, जमीन तुमच्या नावावर राहील आणि यांना सरकारी मदत मिळेल. कायद्यात बसतं, पुष्कळ जण घेतात. पण सहा महिने खरोखर वेगळं राहावं लागेल.’ मी टोपी उचलून दाराकडे निघालो. तुझी आई मात्र विचारते कशी, कुत्रा कुणाकडे?

तर असा मी तिला सोडून गेलो. रोज सहा वाजता माळ्याच्या खिडकीतून तिचा स्वयंपाकघरातला दिवा लागला की नाही बघतो. दुपारी मार्सेल जाते, आणि तिलाही खरं माहीत नाही, ती मला शिव्या घालत भांडी घासते. तुझ्या आईचं म्हणणं, रेनेला कळलं तर उद्या राजधानीत भाषणात ऐकायला मिळेल. रागावू नकोस, पण तू केलंच असतंस की नाही सांग. आपल्या आईबापाचं लग्न तुला घोषणेत वापरावंसं वाटू नये, एवढीच तिची इच्छा होती.

आणि मला अजूनही कळत नाही. ओमर चौदा महिने थांबला, पण त्याला कुणी लग्नाचा कागद फाडायला सांगितलं नाही. मी थांबलो नाही, पण हा असा झालोय. तुझं बरोबर असेल, तर डेलला काय सांगू? माझं बरोबर असेल, तर मी माळ्यावर काय करतोय? दोघांचंही थोडं थोडं बरोबर असेल असं तुझी आई म्हणते, पण त्यानं माझं डोकं आणखीच दुखतं.

येत्या गुरुवारी दहाला कोर्टात जायचंय. पुन्हा एकत्र नांदण्याची शक्यता आहे का, असं न्यायाधीश विचारतील आणि मी नाही म्हणायचं. दाढी करताना म्हणून बघतो, दर वेळी तोंडातून ‘हो’ निघतं. पण तेही मी कसंबसं करीन. पत्र त्यासाठी नाही. काल वकीलबाई जाता जाता बोलली की गुरुवारनंतर तुझी आई दवाखान्यात बेशुद्ध असली तर तिच्या वतीनं सही करणारं माणूस आत्ताच लिहून ठेवावं लागेल. मी म्हटलं, मीच की! ती म्हणाली, तुमचं नाव घातलं तर न्यायाधीश विचारतील की मोडलेल्या संसारात हे कसं? एकोणचाळीस वर्षं झाली, रेने, आणि गुरुवारी दुपारपासून मी तिचा कोणी नाही. ते नाव तुझं घालायचंय, सहीला तू समोर हवीस. माझ्यावरचा राग तसाच राहू दे, हवं तर माझ्याशी बोलू नकोस, पण बुधवारी ये. आणि पुढं कधी दवाखान्याच्या दारात कुणी तुला विचारलं की हा म्हातारा पेशंटचा कोण, तर काय सांगायचं ते तू ठरव, फक्त मला आत घे.

तुझाच,
बाबा