काकांचा क्लच

रविवार, संध्याकाळ. मयूर विहार.

काकांच्या गाडीत दुसरा गिअर टाकताना करकर आवाज येतो, म्हणून आज शेजारी बसून पाहिलं. ते चालवत होते तेव्हा आला. मी चालवली तेव्हा अजिबात नाही. परत त्यांना बसवलं आणि त्यांचा डावा पाय बघत राहिलो. गुडघा दुखतो, त्यामुळे क्लच पूर्ण दाबलाच जात नाही.

"गिअरबॉक्सच गेला ना? बिल्कुल खरं सांग," काका म्हणाले.

बाल्कनीतून काकू म्हणाल्या, "गाडी ठीक आहे, तुम्हीच रिटायर व्हा आता!"

काका हसले नाहीत. गुडघ्याचं कळलं तर काकू किल्ली काढून घेतील, हे त्यांनाही माहीत असावं.

मी क्लचची केबल थोडी घट्ट केली. आता कमी दाबलं तरी चालतं. आवाज बंद.

"बघ, गाडीचाच दोष होता!" काका वर बघून ओरडले. मी मान डोलावली. बरोबर केलं का?

उतरताना त्यांनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला.

केबल याहून घट्ट केली तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहील आणि क्लच प्लेट घासून जळेल. म्हणजे पुन्हा आवाज आला, की मला गुडघ्याबद्दलच बोलावं लागेल.