कुंकू लावलेली डिस्क

नांदेड

प्रिय वरद,

परवा फोनवर मी तुझ्याशी खोटं बोलले. यंदा महालक्ष्म्या घरात घेताना आईचं गाणं तिच्याच आवाजात लावायचंय म्हणालास, आणि मी पाठवते म्हणून फोन ठेवला. ते गाणं माझ्याकडे नाही रे. आईचा तेवढाच आवाज उरला होता, तो मी घालवला.

माझी चित्रं तुला ठाऊकच आहेत. हैदराबादची कॉम्प्युटर हार्डवेअरची नोकरी सुटली, भंगार काही सुटलं नाही. रंगांच्या जोडीला वायरी, सर्किटं, जुन्या डिस्कमधल्या चकचकीत तबकड्या. वैष्णवी चिडवते, वन्सं चित्र काढतात की दुकान मांडतात!

चैत्रात ‘देवघर’ हे मोठं चित्र केलं. मधोमध तबकडी हवी होती. खणात दोन सारख्या डिस्क होत्या; एक बंद पडलेली, एकीत आईचं गाणं. एकीवर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू होतं. पूजा चालत्या यंत्राचीच होणार, असं धरून मी बिनकुंकवाची उघडली. जोडून बघायला दोन मिनिटं लागली असती. जगाला कॉपी ठेवा म्हणून कानीकपाळी ओरडणारी मी! तबकडी बोटांनी पुसली, वर काचेसारखं घट्ट होणारं रेझिन ओतलं. कौतुक झालं, पेपरात फोटो आला. तू ते कात्रण लातूरला फ्रिजवर लावलंस.

तुझ्या फोननंतर कुंकवाची डिस्क जोडली. नुसती टकटक करत राहिली. तेव्हा आठवलं. त्या दसऱ्याला मी हसले, तर आई म्हणाली होती, “बंद पडली म्हणून काय झालं? लई राबली हाय ती. पहिलं कुंकू तिलाच.” तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि दुसरी तशीच राहिली.

दोन दिवस सुरीनं रेझिन खरवडतेय. हैदराबादच्या जाणकाराला फोटो पाठवले, त्यानं हात जोडले. बोटं लागलेल्या तबकडीतून काही परत मिळत नाही, हे मलाही माहीत होतं, माझंच शिक्षण आहे ते. तरी खरवडतेय. आईला दुसऱ्यांदा पोचवल्यासारखं वाटतं, वरद. जेवण जात नाही.

गाण्याची दोन कडवी मला येतात, तिसऱ्यापाशी गाडं अडतं. तुझी मृण्मयी लहानपणी आईच्या मांडीवर बसून सगळं म्हणायची. तिला आठवतंय का बघ. डिस्कचं तिला सांगू नकोस. नुसतं म्हणायला लाव आणि मला फोन जोडून ठेव. शिव्या नंतर दे. मी बोलणार नाही, ऐकत बसेन.

तुझीच,
सौदाताई