पोरांच्या आधीचा घास

सोम. ४ ऑग.
काकू आज गावाला गेल्या. पायांनी उभंच राहवत नाय त्यांना. आमच्या महिला मंडळाची खिचडी लालबागच्या शाळेत जाते, ते सगळं त्या बघायच्या, आता माझ्यावर. सगळ्यांत लहान मी, शिकलेली सातवी. रडली. काकू बोलल्या, "मोठी बाई झालीस म्हणून पहिला घास मानाचा नाय गो. दुखलं तर पोरांच्या आधी आपलं पोट दुखूदे." अर्धा तास आधी चव घ्यायची, मगच डबे भरायचे.

गुरु. ७
रेखा परत उशिरा. बायका बोलतात, काढ तिला. मी बाजूला घेऊन विचारलं. नवऱ्याचं काम गेलं, घरी बसून मारतो. झोप नाय. उभ्या उभ्या डोळे मिटतात. बोलली तिला, तू बसून भाजी निवड. चव पण तूच घेत जा.
खरं लिहायचं तर मलाच बरं वाटलं. माझी बाळी अजून अंगावर पिते. मला काय झालं तर तिला होईल...

सोम. ११
डबे रिकामे व्हायच्या आधीच पोरं उलट्या करायला लागली. खिचडीतली मटकी शनिवारी भिजवलेली, मध्ये रविवार. टॅक्सीत घालून हॉस्पिटलला नेली. संध्याकाळी बाकीची घरी गेली. पहिलीतली एक मुलगी डोळे उघडत नाय. तिची आई बोलली, "तुझ्या पोरीला भरव ना ते."

मंगळ. १२
रेखा दारात. आत ये बोलली तर येईना.
"मनी, श्रावणी सोमवार होता गं. उपास. नुसता वास घेतला. चांगला आला."
एक घास खाल्ला असता तर आंबट लागलं असतं. पण तिचे सोमवार मला माहीत होते. माझे पण असायचे, बाळी झाल्यावर सोडले. डोक्यातच आलं नाय.

बुध. १३
उद्या पालिकेच्या साहेबांकडे चौकशी, चव कोणी घेतली त्याची. बायका बोलतात, रेखाचं नाव दे, मंडळ वाचेल. ह्यांचं पण तेच. "तुला उचललं तर बाळीचं काय?" रेखाला उचललं तर तिची दोन आहेत. ते कोणी बोलत नाय.
काकूंना फोन. सगळं सांगितलं. त्या बोलल्या, "चव मी दुसरीला दिली नसती, मनी." मी फोन ठेवला. परत त्यांनीच केला. जेवलीस काय, विचारायला.

गुरु. १४
साहेबांच्या हापिसाबाहेर, बाकड्यावर. ती मुलगी अजून तशीच. ह्यांना सुट्टी नाय, बाळी माझ्याकडे.
रेखा बोलली, "मीच जाऊन सांगते."
मी बोलली, बस खाली. का बोलली माहीत नाय. आत काय सांगणार ते पण नाय.
शिपाई विचारून गेला, मोठी बाई कोण. मी हात वर केला. थांबा बोलला.
बाळीला पाजून घेते. मग आत जाताना रेखाकडेच द्यायला लागेल. बाकीच्या कोणी आल्या नाहीत.